गोरशे : फेर धरून जपलेले गाव

भाजे-कार्ल्याच्या चैत्यगृहांतील स्तूपाभोवतीच्या प्रदक्षिणापथावरून आपण अनेकदा चाललो आहोत. तिबेटी खेड्यांतील ‘गोरशे’ या समूहनृत्याचा फेर पाहताना आम्हांस त्याच वाटेचे स्मरण होते. ‘गोर’ म्हणजे वर्तुळ, ‘शे’ म्हणजे गीत. आबालवृद्ध स्त्री-पुरुष फेर धरतात आणि स्वतःच गातात. संथ पदन्यास हळूहळू द्रुत होत जातो.

या नृत्यास ना रंगमंच लागतो, ना वेगळा प्रेक्षक. नवख्याने शेजाऱ्याच्या पावलांकडे पाहत फेरात शिरावे, हीच त्याची शाळा. म्हणूनच १९५९ नंतर मायभूमी सुटली, तरी गोरशे लोकांबरोबर भारतात आले. आपल्या महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ, १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. भारतात जन्मलेल्या तिबेटी मुलांना न पाहिलेले गाव अशा फेरातूनच भेटते.

आपल्या वसतिगृहातील मुलेही गाव मागे ठेवून येतात. मावळातील आजींच्या जात्यावरच्या ओव्यांत बाबासाहेब आहेत. पण जाती थांबली आणि ओव्याही विरत चालल्या. सुटीत प्रत्येकाने एक ओवी शिकून यावी व येथे फेर धरून ती सर्वांनी म्हणावी, ही आमची विनंती. गाणारे उरले, तर गाव उरते.