आजीच्या डब्यांतलीं नाणीं

नाशिकांतील द्वारकेजवळचें आमचें जुनें घर गेल्या वर्षीं चार बिऱ्हाडांत विभागलें. भांडींकुंडीं वांटून झालीं. पण आजीच्या पितळी डब्यांतलीं सतरा नाणीं कोणीं घ्यावीं, हें कांहीं केल्या ठरेना. पैशाच्या दृष्टीनें हा तंटा हास्यास्पदच होता. १८६२ सालच्या छापाचा राणीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे तोळाभर. त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी. सोनार तिच्या मोलाहून अधिक काय देणार? पण तोच रुपया सूनमुख पाहतांना सासूबाईंनीं आजीच्या हातावर ठेविला होता, आणि १९४३ सालचा भोंकाचा पैसा थोरल्या काकांच्या करगोट्यांत ओंवलेला असे. अशा वस्तूंची वांटणी करावी तरी कशी?

अखेर पुतण्यानें युक्ति काढिली, कीं नाणीं डब्यांतच राहूं द्यावींत व त्यांचीं छायाचित्रें प्रत्येक बिऱ्हाडीं पाठवावींत. युक्ति उत्तम, परंतु चित्र झळझळीत यावें म्हणून त्यानें एक रुपया चिंच लावून घासला! कित्येक लक्ष्मीपूजनांचें हळदकुंकू पांच मिनिटांत वाहून गेलें. काकूंच्या डोळ्यांना पाणी आलें, आणि मला तें उगीच वाटलें नाहीं.

नाशिककरांनीं तरी ही चूक करूं नये. १९०६ सालीं जवळच्या जोगलटेंभी येथें क्षत्रप नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारलेला होता. तरी पुष्कळांवर खालचा नहपानाचा चेहरा डोकावतोच. एका राजानें दुसऱ्यास जिंकल्याची साक्ष त्या दुहेरी छापांत उरली आहे. अंजनेरीस १९८० सालीं स्थापन झालेल्या नाणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेनें नाण्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह केला, तोहि अभ्यासकांस असे बारकावे पाहतां यावे म्हणूनच.

आमची पुढची सर्व चित्रें खिडकीशीं, सकाळच्या तिरप्या उजेडांत काढिलीं. नाणें काळ्या कापडावर ठेवावें, कडेनें धरावें, दोन्ही बाजू घ्याव्या, शेजारीं मोजपट्टी असावी. विजेचा झोत टाळावा. त्यानें अक्षरें पुसट दिसतात. आणि मुख्य म्हणजे, नाणें कोणाच्या हातून कोणाच्या हातीं आलें तें चित्राखालीं लिहावें. हें काम म्हाताऱ्या माणसांना विचारूनच होतें, आणि तें पुढें ढकलण्याजोगें नव्हे. आमच्या सतरांपैकीं सहा नाण्यांविषयीं सांगणारें आतां कोणीच उरलें नाहीं.

चित्रें पोंचलीं आणि आत्याबाईंचा निरोप आला, कीं तो राणीचा रुपया सूनमुखाचा नव्हेच, आजोबांच्या पहिल्या पगारांतला! काकू आपल्या म्हणण्यावरून हटेनात. पुतण्यानें दोन्ही हकीकती, सांगणारींच्या नांवांसह, चित्राखालीं लिहून ठेविल्या आहेत.

रुपया अद्याप डब्यांतच आहे.