शालेय स्तरावरील उच्च गणिताची जीवनोपयोगिता : एक विवेचन

प्रस्तावना : ‘वर्गसमीकरणे शिकून पुढे काय उपयोग झाला?’ असा प्रश्न कला शाखेचे विद्यार्थी अनेकदा विचारतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये, गणितापासून प्रारंभ करून, विषय दोन स्तरांवर उपलब्ध करून देण्याचे सुचविले असल्याने या प्रश्नास धोरणात्मक महत्त्वही प्राप्त झाले आहे.

विवेचन : दैनंदिन व्यवहारास अंकगणित पुरेसे होते, हे मान्य करावे लागेल. तथापि जेथे सहजबुद्धी फसते, तेथे ते अपुरे पडते. दरमहा २ टक्के व्याज म्हणजे वर्षाला २४ टक्के, असा समज असतो. परंतु थकीत रकमेवर मासिक चक्रवाढीने आकारणी झाल्यास तो दर २६.८२ टक्के होतो.

दुसरे उदाहरण वैद्यकीय चाचणीचे. एखादा आजार हजारात एकास आहे आणि चाचणी रुग्ण व निरोगी या दोहोंबाबत ९९ टक्के अचूक आहे, असे मानू. अहवाल होकारार्थी आल्यास आजार असण्याची शक्यता ९९ टक्के वाटते. वस्तुतः हजार व्यक्तींमागे एका रुग्णाबरोबर सुमारे दहा निरोगी व्यक्तींचाही अहवाल होकारार्थी येतो. म्हणजेच ही शक्यता जेमतेम ९ टक्के असते. सशर्त संभाव्यतेचा हा विचार उच्च माध्यमिक गणितात येतो. दहावीनंतर गणित सोडणारा विद्यार्थी त्यास मुकतो.

निष्कर्ष : उच्च गणिताची उपयुक्तता सूत्रे स्मरणात राहण्यात नसून स्वतःचा अंदाज तपासून पाहण्याच्या सवयीत आहे. वर्गसमीकरणे ऐच्छिक ठेवता येतील; संभाव्यता व चक्रवाढीचे गणित मात्र सर्व शाखांना शिकविणे अगत्याचे आहे.