माळ्यावरचा जुना कॅमेरा: फ्लॅशची वेळ जुळते का?

गावातला फोटो स्टुडिओ बंद पडला की रोलचा कॅमेरा घराच्या माळ्यावर जातो, आणि एक दिवस भंगारवाला तो वजनावर मागतो. देण्याआधी तो चालतो का ते बघायला हवं. आज आम्ही एकच तपासणी सांगतो: फ्लॅश आणि शटरची वेळ.

पेन्टॅक्स के१००० चं उदाहरण घेऊ. याच्या शटरला कापडी पडदे दोन. पहिला सरकला की रोलवर उजेड पडतो, दुसरा मागून येऊन झाकतो. फ्लॅश चमकतो तो डोळ्याचं पातं लवण्याआधीच विझतो. तेवढ्या क्षणी दोन्ही पडदे बाजूला असले, तरच पूर्ण फोटो उजळतो. या कॅमेऱ्यात ते ६० च्या स्पीडपर्यंतच जमतं. त्यापुढे पडद्यांमध्ये फक्त फट उरते, आणि फोटोची एक बाजू काळी येते.

आधी रोल गुंडाळायची खुंटी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. घट्ट लागली तर आत रोल आहे. मागचं झाकण उघडू नका, उजेडाने त्यावरचे फोटो जातील. आधी रोल गुंडाळून घ्या.

रोल नसेल तर झाकण उघडा. लेन्सच्या कड्यावर सर्वांत लहान आकडा लावा, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी राहील. स्पीड ६० करा. फ्लॅश बसवून त्याचा दिवा लागू द्या. खोलीत अंधार करून कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरा. रोल जिथून सरकतो, त्या चौकटीवर बटर पेपरचा तुकडा ठेवा. पडद्याला बोट लावू नका. खटका ओढा, बटण दाबा, आणि कागदाकडे बघा.

कागद कडेपासून कडेपर्यंत उजळला, तर वेळ जुळते. मग २५० वर करून बघा. आता एक भाग काळा राहिलाच पाहिजे. तिथेही पूर्ण उजळला, तर शटर मंदावलंय. ६० लाच काळी पट्टी दिसली, तर दुरुस्ती लागेल.

फ्लॅश चमकलाच नाही, तर त्याच्यावरचं टेस्ट बटण दाबा. तेव्हा चमकला, तर फ्लॅश ठीक आहे. जोडणीची जागा कोरड्या कापडाने पुसा. काही कॅमेऱ्यांवर एक्स आणि एम अशा दोन खुणा असतात. एम जुन्या फ्लॅश-बल्बसाठी. आपल्याला एक्स हवा. फ्लॅश मात्र उघडू नका, सेल काढले तरी आत जोराचा शॉक देण्याएवढी वीज साठलेली असते.

लेन्सवरची बुरशी वेगळी बघावी लागते. पण एवढं तपासलंत, तर भाव करताना काय चालतं आणि काय नाही, हे तुम्हीच सांगाल.