जवारी लागेपर्यंत

मामांची सही बँकेत जुळेनाशी झाली, तेव्हा हा आजार असेल असं घरात कुणालाच वाटलं नाही. तासगाव तालुक्यातल्या शाळेत ३४ वर्षं फळ्यावर टपोरं अक्षर काढलेला माणूस. आता सहीचं पहिलं अक्षर ठीक यायचं आणि पुढची मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक होत जायची. खिडकीमागचा कारकून नमुना सही पुढं करायचा, मामा परत काढायचे, ती आणखी लहान यायची. उजवा हात मांडीवर विसावला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहायची, तंबाखू मळावी तशी. मामांनी जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही. “वय झालं,” मामी म्हणायच्या. बरेच दिवस आम्हीही तेच म्हणत राहिलो. निघाला तो पार्किन्सन.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनं या आजारावर ६६ पानांची पुस्तिका लिहिली ती १८१७ साली, म्हणजे इकडं खडकीची लढाई झाली त्या वर्षी. तीत सहाच माणसांची हकीकत आहे आणि त्यांतली काही तर त्यानं नुसती रस्त्यानं जाताना पाहिलेली. आपल्याकडचे वैद्य कंपवात म्हणतात. या नावात कंपालाच मान मिळाला, त्यामुळं हात थरथरत नाही तोवर कुणाला शंका येत नाही. खरं तर माणसाला जखडतो तो मंदपणा: बटण लावायला दहा मिनिटं, कुशीवर वळायला बायकोची मदत, उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहान पट्टा असतो, तिथं डोपामिन तयार होतं. लक्षणं दिसू लागतात तोवर त्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो.

त्यावरचं औषध आपल्या डोंगरात उगवतं, हे मला फार उशिरा कळलं. पाटण, जावळी, शिराळ्याकडच्या कुंपणांवर खाजकुइलीचे वेल चढतात. शेंगेवरची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस दिवसभर खाजवत बसतो. त्याच शेंगेच्या बियांमधून लेव्होडोपा हे द्रव्य १९३७ साली मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळं काढलं. त्याचा पार्किन्सनशी संबंध तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हता. तो उलगडायला पन्नास-साठचं दशक उजाडलं. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुइलीच्या बियांची भुकटी रुग्णांना देऊन पाहिली आणि निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणून कुणी कुंपणावरच्या बिया कुटून खाव्यात असं नाही. कोणत्या बीत किती द्रव्य आहे ते डोळ्यांनी कळत नाही, आणि या आजारात मात्रा म्हणजे सगळं काही.

मात्रेचा खेळ मामांना पाच-सहा वर्षांनी कळला. सुरुवातीला सिंडोपाची, म्हणजे लेव्होडोपाचीच, गोळी घेतली की माणूस पुन्हा शाळेत निघाल्यासारखा चालायचा. हळूहळू गोळीचा असर चार तासांवरून तीनवर, तीनवरून दोनवर आला. गोळी उतरली की पुतळा, गोळी चढली की मान आणि खांदे आपोआप वळवळायला लागायचे. डॉक्टर ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात, आणि हे शब्द आता आमच्या घरातही मराठी झाले आहेत. मामींनी शंभर पानी वहीत तास आखून घेतले. ऑनला उभी रेघ, ऑफला फुली, वळवळ झाली तर गोल. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला तो त्या वहीतल्या फुल्या पाहून.

वहीची गोष्ट पुढं न्यायच्या आधी एका प्रश्नापाशी थांबायला हवं, कारण गावात तो सगळ्यात जास्त विचारला जातो: “द्राक्षावरच्या फवारणीनं झालं असंल का?” एका माणसाबद्दल याचं उत्तर देता येत नाही. पण अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या अभ्यासात, २०११ साली, पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांमध्ये पार्किन्सनची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. पॅराक्वाट हे तणनाशक आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही परकं नाही. मुंबईच्या पारशी समाजात भरूचा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन मोजणी केली, तेव्हा लाखामागे ३२८ रुग्ण सापडले होते, ही १९८८ची गोष्ट. तशीच मोजणी तासगाव-पलूसच्या बागायतदारांत आणि बागेत रोजानं फवारणाऱ्या मजुरांत व्हावी, असं मला फार वाटतं.

आता त्या शस्त्रक्रियेकडं. मेंदूत तार घालून आजार काबूत ठेवायची कल्पना अपघातानं सुचली. त्याआधी कंप थांबवण्यासाठी मेंदूतला एक ठिपका कायमचा जाळून टाकत. भारतात मद्रासला डॉ. राममूर्ती आणि डॉ. बालसुब्रमण्यम यांनी अशा शस्त्रक्रियांचं मोठं काम उभं केलं होतं. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे पाहायला सुईतून हलका वीजप्रवाह सोडायचा, ही रीत. फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात आलिम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आलं की प्रवाहाचे ठोके सेकंदाला शंभराच्या आसपास नेले की कंप थांबतो आणि प्रवाह बंद केला की परत येतो. मग जाळायचंच कशाला? तार तिथंच ठेवून द्यावी. हे १९८७चं. तिकडं अमेरिकेत मॅहलॉन डिलाँग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये माकडांवर दाखवलं की या आजारात सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा भाग अति कामाला लागलेला असतो, आणि तो शांत केला तर जखडलेलं माकड पुन्हा हालचाल करू लागतं. वालाच्या दाण्याएवढा आणि तसाच दोन्हीकडून फुगीर असा हा भाग. १९९३ पासून ग्रेनोबलला तार तिथं बसू लागली. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे काम सुरू केलं. नंतर पुण्यातही ही शस्त्रक्रिया होऊ लागली.

शस्त्रक्रियेचं वर्णन ऐकताना अंगावर काटा येतो: डोक्याला धातूची चौकट, कवटीला भोकं, आणि माणूस जागा. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळं हे शक्य होतं. सव्वा मिलिमीटर जाडीची तार बसवण्याआधी तिच्याहून बारीक सुई आत सरकते तेव्हा पेशींचा आवाज यंत्रावर खरखरत ऐकू येतो आणि त्या खरखरीवरून डॉक्टर जागा ओळखतात. गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरी बसते, कातडीखालून वायर मानेतून वर जाते. रक्तस्रावाचा धोका शंभरात एक-दोघांना, जंतुसंसर्गाचा थोडा अधिक. खर्च दहा लाखांच्या पुढं. आणि हे सगळ्यांसाठी नाही. गोळीनं जे सुधारतं साधारण तेच तारेनं सुधारतं. तोल जाणं, विसरणं यांना तार उपयोगी पडत नाही. उशीरही करून चालत नाही. जर्मनी आणि फ्रान्समध्ये २५१ रुग्णांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांचं रोजचं जगणं दोन वर्षांत २६ टक्क्यांनी सुधारलं. नुसत्या औषधांवर असलेले होते तिथंच राहिले.

मामांचं ऑपरेशन पुण्यात झालं, नीट झालं, आणि आम्हाला वाटलं, सुटलो. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

ते मला समजलं मिरजेला. मिरजेत दीडशे वर्षांहून जुनी सतारमेकरांची परंपरा आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका कारखान्यात म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढत होते. भोपळा उत्तम, लाकूड उत्तम, तारा नव्या, तरी तंबोरा मुका होता. त्यांनी तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीनं अगदी थोडा घासला, तार छेडली, परत घासला. मग तारेखाली सुती दोरा सरकवला, केसभर पुढं, केसभर मागं. एका जागी तंबोरा एकदम बोलू लागला. दोरा तांदळाच्या दाण्याएवढा पुढं गेला की पुन्हा मुका.

मेंदूतल्या तारेचं असंच आहे. तिच्या टोकाला चार किंवा आठ स्पर्शबिंदू असतात. कोणत्या बिंदूतून, किती जोराचा, किती रुंदीचा ठोका, सेकंदाला किती वेळा, हे सगळं बाहेरून यंत्रानं ठरवावं लागतं. नेहमीची सुरुवात सेकंदाला १३० ठोक्यांनी होते, प्रत्येक ठोका सेकंदाचे ६० दशलक्षांश भाग टिकतो. जोर थोडा वाढला आणि प्रवाह शेजारच्या तंतूंत सांडला की जीभ जड होते, गाल ओढला जातो, एकाचे दोन दिसतात. काही जणांचा स्वभाव उधळ्या होतो. प्रत्येक बदलानंतर काही दिवस वाट पाहायची, गोळ्या थोड्या कमी करायच्या, परत पाहायचं. जवारी लागायला सहा महिने सहज जातात.

आणि हे सहा महिने सांगली-साताऱ्याच्या माणसाला पुण्याच्या माणसापेक्षा फार महाग पडतात. तपासणीला सकाळची गोळी न घेता यायचं असतं, कारण ऑफमध्येच तारेचा परिणाम स्वच्छ दिसतो. कोथरूडचा रुग्ण रिक्षानं येतो. मामांना आदल्या दिवशी किर्लोस्करवाडीला कोयना एक्सप्रेसमध्ये बसावं लागायचं. कराड, सातारा, लोणंद करत दुपार कलल्यावर पुणे, रात्री भाच्याकडं मुक्काम, सकाळी लाकडासारखं अंग घेऊन दोघांनी धरून जिना उतरवणं. तपासणी अर्ध्या-पाऊण तासाची. अशा आम्ही सात खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला साताऱ्याला गाडीत चढलेल्या एका बाई आपल्या नवऱ्याला घेऊन त्याच डॉक्टरांकडं निघाल्या होत्या. त्यांच्याही पिशवीत तासांची वही होती.

संशोधन आता नेमकं इथंच काम करतं आहे, म्हणून मला त्याची एवढी ओढ. या आजारात मेंदूतल्या पेशी सेकंदाला १३ ते ३० वेळा अशा एका लयीत अडकून बसतात. सभेतल्या सगळ्यांनी एकाच वाक्याचा घोष लावला की कुणाला काही सांगता येत नाही, तसं. ऑक्सफर्डच्या पीटर ब्राऊन यांच्या गटानं २०१३ मध्ये आठ रुग्णांवर दाखवलं की ती लय चढेल तेव्हाच प्रवाह दिला तर निम्म्याहून कमी वेळ वीज देऊनही गुण जास्त येतो. ही लय ऐकणारी बॅटरी अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाली आणि स्वतः प्रवाह कमी-जास्त करणारी पद्धत फेब्रुवारी २०२५ मध्ये. मामींची वही जे काम करायची ते यंत्र आतून करू लागलं आहे. दुसरी वाट दूरस्थ जुळणीची: डॉक्टर दवाखान्यात, रुग्ण घरी, मध्ये इंटरनेट. चीनमध्ये ती कोविडच्या आधीपासून आहे, अमेरिकेत २०२१ मध्ये मान्य झाली.

पण यंत्र कितीही शहाणं झालं तरी कुणीतरी जवळ बसून माणसाकडं पाहायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत दवाखाना काढला आणि पुढं लांब लांबून रुग्ण तिथं येऊ लागले. त्या मिरजेत, किंवा कराडला, जुळणी शिकलेला एक डॉक्टर महिन्यातून दोनदा बसला तरी कृष्णाकाठच्या किती जणांची कोयनेची खेप वाचेल! शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत होऊ दे. घोडी घासायला मात्र माणूस गावाजवळ हवा.

सातव्या खेपेला डॉक्टरांनी प्रवाह एक पायरी वाढवला. मामांचा हात दगडासारखा स्थिर झाला. त्यांना कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढायला सांगितलं, ते गुळगुळीत आलं. “गुरुजी, कसं वाटतंय?” मामा बोलले ते आम्हाला कळलं नाही, शब्द तोंडात विरघळल्यासारखे. डॉक्टरांनी पायरी खाली आणली. वेटोळ्याला पुन्हा बारीक दातरे आले, पण शब्द सुटे झाले. दोन-तीनदा वर-खाली झालं. मग डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि सांगितलं की आता हे तुम्हीच ठरवायचं.

मामा थोडा वेळ कागदाकडं पाहत बसले. “हात हलू दे थोडा,” ते म्हणाले. “बोललेलं पोरास्नी कळाय पायजे.”