शिरस्त्राणाची हलती झडप

राजहंसगडाच्या छायेत वाढणाऱ्या येळ्ळूरच्या मुलांना किल्ले आणि योद्धे यांचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच आहे. दिवाळीत घरोघरी मातीचे किल्ले उभे राहतात. शिवजयंतीला बेळगावच्या चित्ररथांवरील सजीव देखावे पाहून आपणही योद्ध्याचा वेष करावा असे प्रत्येकाला वाटू लागते. ढाल-तलवार पुठ्ठ्याची सहज होते. परंतु शिरस्त्राणाला वर-खाली होणारी झडप बसवू गेले की भल्याभल्यांचे हात थांबतात. ही झडप कोणत्या नियमाने चालते, हे समजून घेतल्यास मात्र ते काम अवघड नाही.

प्रथम एक विवेक बाळगावा. आपल्याकडील जुन्या पोलादी शिरस्त्राणांना अशी झडप नसे. त्यांच्या कपाळावर एक खोबणी असे व तीतून नाकाचे रक्षण करणारी उभी पट्टी वर-खाली सरकत असे. हव्या त्या उंचीवर ती लहानशा स्क्रूने आवळीत. म्हणून आपल्याकडील योद्ध्याच्या वेषाला सरकती पट्टीच शोभेल. कानशिलांवर फिरणारी झडप ही युरोपातील सरदारांची. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात तिला विशेष महत्त्व आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी या नाटकाचा 'विकारविलसित' या नावाने मराठी अनुवाद केला. त्यातील मृत राजाचे भूत आपादमस्तक चिलखत घालून येते. मग त्याचा चेहरा दिसला कसा, अशी राजपुत्राला शंका येते. झडप वर होती, असे उत्तर त्याला मिळते. रंगभूमीवर हीच झडप ऐन वेळी खाली पडली, तर सारा प्रसंग हास्यास्पद होईल!

आता रचनेकडे वळू. डोक्याचा घेर मोजावा व त्याहून सुमारे ८ सेंटिमीटर अधिक घेराचे मातीचे मडके घ्यावे. घेरात ८ सेंटिमीटर वाढले म्हणजे डोक्याभोवती सर्व बाजूंनी सुमारे सव्वा सेंटिमीटर जागा मिळते. तीत कापसाचे अस्तर बसते. मडके पालथे घालून त्याच्या सर्वांत रुंद भागापर्यंतच कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्यात. पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा द्यावा, म्हणजे टोप सहज सुटतो. त्यावर खळीने सहा-सात थर द्यावेत व प्रत्येक दोन थरांनंतर ते नीट वाळू द्यावेत. झडप लवचीक पुठ्ठ्याची, एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत कमानीसारखी वळवलेली असावी.

सर्व यश अवलंबून आहे ते आसाच्या जागेवर. झडपेचा प्रत्येक बिंदू आसाभोवती वर्तुळात फिरतो. समजा, टोप अर्धगोलाकार असून त्याची त्रिज्या १० सेंटिमीटर आहे. आस बरोबर गोलाच्या मध्यातून जात असेल आणि झडपेची वरची कड आसापासून ११ सेंटिमीटर दूर असेल, तर ती टोपाला कोठेही न घासता माथ्यावर जाईल. आता आस २ सेंटिमीटर खाली आणला, तर माथा आसापासून १२ सेंटिमीटर दूर होतो आणि ११ सेंटिमीटरवर फिरणारी कड वाटेतच अडते. म्हणून छिद्रे पाडण्यापूर्वी टोपाची बाजूची आकृती कागदावर काढावी, आसाच्या जागी टाचणी टोचून दोऱ्याने कंस काढावा आणि तो आकृतीच्या बाहेर राहतो की नाही ते पाहावे. भूमितीच्या वहीतील कंपास येथे सुताराइतकाच उपयोगी पडतो.

दोन्ही छिद्रे एकाच सरळ रेषेत हवीत. त्यांतून विणकामाची लांब सुई आरपार घालून ती आडवी व सरळ राहते का, हे तपासावे. ती तिरपी झाल्यास झडप फिरताना पिळवटते व अडकते.

वर केलेली झडप तेथेच राहावी यासाठी घर्षण हवे. झडपेचे वजन १०० ग्रॅम असून तिचा गुरुत्वमध्य आसापासून ८ सेंटिमीटर पुढे असला, तर ती आडवी असताना ८०० ग्रॅम-सेंटिमीटर इतक्या भ्रामक शक्तीने खाली येऊ पाहते. म्हणजे प्रत्येक बाजूला ४००. गुरुत्वमध्य ६० अंश वर गेला की हा जोर निम्मा होतो. तेव्हा झडप जितकी हलकी, तितके काम सोपे. टोप आणि झडप यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती घालावी, बोल्टचे चपटे डोके आत व नट बाहेर ठेवावा आणि एका नटावर दुसरा नट आवळावा, म्हणजे वारंवार हालचाल होऊनही तो सैल पडत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आतील बोल्टवर कापडाची जाड गादी शिवावी, कारण पलीकडे आपले कानशील आहे. डोळ्यांसाठी रुंद फट व श्वासासाठी पुरेशी छिद्रे ठेवावीत. झडप एका हाताने तत्काळ उघडली पाहिजे. कागदाचा टोप घालून मशालीजवळ कधीही जाऊ नये. रंगीत तालमीपूर्वी झडप पन्नास वेळा उघडून मिटून पाहावी.

खऱ्या योद्ध्याचे शिरस्त्राण त्याच्या मस्तकाचे रक्षण करी. आपले शिरस्त्राण कागदाचे असले, तरी ते घालणाऱ्याला इजा होऊ नये ही जबाबदारी बनवणाऱ्याचीच आहे. ती सांभाळून जो हे काम करील, त्याच्या हाती वेषाबरोबर यंत्रविद्येचा पहिला धडाही येईल.