वार खाली असताना : विश्रांती किती, हालचाल किती?

गर्भारपणाच्या पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत ‘वार खाली आहे’ असे निदान झाले की घरात चिंता पसरते. ‘आता खाटेवरून उठायचे नाही,’ असे ज्येष्ठ मंडळी बजावतात. त्यामागे मायाच असते. परंतु काय टाळायचे आणि काय चालू ठेवायचे हे नेमके ठाऊक नसेल, तर त्या मायेचाही गर्भवतीला जाच होतो.

वार गर्भाला आईच्या रक्तातून प्राणवायू व पोषण पुरविते. ती बहुधा गर्भाशयाच्या वरच्या भागात असते. ती गर्भाशयाच्या मुखावर आली, तर त्या अवस्थेस ‘प्लासेंटा प्रीव्हिया’ म्हणतात. पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार बहुतेकींच्या बाबतीत गर्भाशय वाढेल तशी मुखापासून दूर जाते. म्हणून ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करतात. दिवस भरत येईपर्यंत ही अवस्था सुमारे २०० गर्भवतींपैकी एकीतच उरते. पूर्वी सिझेरियन झाले असेल, तर मात्र अधिक सावध राहावे. वार जुन्या व्रणात रुतली आहे का, हेही तपासावे लागते.

कॅनडातील तज्ज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, २८ आठवड्यांनंतरही वार मुखावर असेल तर श्रमाचा व्यायाम वर्ज्य आहे; मात्र नित्याच्या हालचाली चालू ठेवता येतात. म्हणजे पाण्याचा हंडा, धान्याचे पोते, दुकानातील मालाचे खोके उचलणे बंद; दिवाळीची झाडलोट दुसऱ्यांकडे. शरीरसंबंध टाळावेत. कोठेही तपासणीस गेल्यास वार खाली असल्याचे प्रथम सांगावे, कारण बोटांनी केलेल्या आतल्या तपासणीने रक्तस्राव होऊ शकतो. घरातल्या घरात वावरणे, स्वतःची कामे करणे, बसून सामायिक करणे यांस सहसा हरकत नसते. रक्तस्राव झालेला असेल, तर डॉक्टर सांगतील तीच मर्यादा पाळावी.

सतत पडून राहिल्याने रक्तस्राव टळतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट स्नायू अशक्त होतात आणि पायांतील शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो.

रक्तस्राव झालाच, तर अंगी रक्त पुरेसे असणे हाच पहिला आधार. म्हणून हिमोग्लोबिन वेळोवेळी तपासावे; लोहाच्या गोळ्या चहा किंवा दुधासोबत घेऊ नयेत. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतील, तर मटकी, हरभरा, मसूर यांवर लिंबू पिळून खावे. पर्युषणातील उपवासाचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. रक्तगट निगेटिव्ह असेल, तर रक्तस्रावानंतर विशिष्ट इंजेक्शन लागते. ते डॉक्टरांना विचारावे.

बुलढाणा जिल्ह्यात आणखी एक विचार करावा लागतो, तो रस्त्याचा. घाटाखालील मोताळ्याहून बुलढाण्यास येताना राजूर घाट चढावा लागतो. संग्रामपूर, लोणार यांसारख्या ठिकाणांहूनही मोठे रुग्णालय जवळ नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत आहे. परंतु माहेर आडगावी असेल, तर या वेळी रीतीपेक्षा रुग्णालयाचे अंतर मोठे मानावे. जेथे दिवसरात्र सिझेरियनची सोय आणि रक्तपेढी हाताशी आहे, तेथेच नाव नोंदवावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिचाही लाभ घ्यावा.

वेदना नसताना लालभडक रक्त जाणे, हे या अवस्थेचे ओळखीचे लक्षण आहे. दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. रक्त थोडे असले आणि आपोआप थांबले, तरीही तत्काळ रुग्णालय गाठावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. अहवालांची पिशवी भरून ठेवावी, त्याच गटाचे दोन रक्तदाते आधीच सांगून ठेवावेत आणि रात्री कोण सोबत जाईल हे ठरवावे. गर्भवतीला खाटेला खिळवून ठेवण्यापेक्षा घरच्यांची ही तयारी अधिक मोलाची आहे.