खाडीकाठच्या गावाचा इतिहास : सानपाड्याचे उदाहरण

स्थानिक इतिहास शिकवावयाचा म्हटले की पुष्कळ शिक्षक प्रथम किल्ल्याचा किंवा शिलालेखाचा शोध घेतात. तसे काही न आढळल्यास 'आपल्या गावास इतिहास नाही' असा निष्कर्ष काढून ते पाठ्यपुस्तकाकडे वळतात. खाडीकाठच्या गावांविषयी हा समज विशेष दृढ आहे, आणि तो चुकीचा आहे. या गावांचा इतिहास चिखलाच्या बांधांत, मिठागरांत व लोकांच्या बोलीत साठलेला असतो. तो कसा वाचावा हे सानपाड्याच्या उदाहरणावरून ध्यानी येईल.

सानपाडा हे ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरील, वाशी, तुर्भे व जुईनगर यांच्या शेजारचे गाव. आज ते नवी मुंबईतील एक उपनगर व रेल्वे स्थानक म्हणून सर्वांस परिचित आहे. तथापि या किनाऱ्यावरील मूळची वस्ती आगरी व कोळी लोकांची असून भातशेती, मीठ व मासळी ही त्यांच्या उपजीविकेची तीन साधने होती. 'आगरी' हे नावही आगर, म्हणजे मिठागर, या शब्दाशी जोडले जाते.

येथील भातशेती निसर्गाने आयती दिलेली नव्हती. भरतीचे खारे पाणी ज्या दलदलीत शिरते तिला खाजण म्हणतात. खाजणाभोवती चिखलाच्या ढेकळांचा बांध घालून समुद्र अडवावयाचा, ही पहिली पायरी. बांधात ठेवलेल्या वाटेस उघाडी म्हणतात. तिची झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीस आतील पावसाचे पाणी बाहेर लोटते. काही पावसाळे अशा रीतीने जमीन धुतली गेली म्हणजे तिच्यातील खार उतरतो व तिच्यात खार सोसणारे राता जातीचे तांबडे भात येऊ लागते. बांधाबाहेरील तिवरांचे रान लाटांचा मारा सोसून बांधाचे रक्षण करते. बांधास खांड पडली की एका उधाणात अनेकांची शेते नासतात. म्हणून बांधाची राखण व दुरुस्ती हे एकट्यादुकट्याचे काम नसून साऱ्या गावाचे असे. परस्पर सहकार्याचा धडा विद्यार्थ्यांस देण्यास याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

या जीवनक्रमास लागणारे ज्ञान शाळेबाहेर मिळत असे. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची स्थूल वेळ निघते, हा हिशेब येथील वृद्धांस तोंडपाठ असतो. पंचमीस पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीस सहा. पुनवेस व अवसेस दुपारी बाराच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, हेही त्यांस ठाऊक असते. पंचांग, चंद्राच्या कला व अपूर्णांक हे तीन विषय या एका हिशेबात एकत्र येतात. मिठागरात उधाणाचे पाणी घेऊन ते उथळ वाफ्यांत आटवीत व पावसाळ्यापूर्वी मीठ काढून घेत. खाडीत पाग टाकून कोळंबी व बोईट धरीत, तर ओहोटीच्या चिखलात निवट्या व चिंबोऱ्या मिळत. लग्नात धवलारीण धवले गाई. हे धवले पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी मुखोद्गत राखिले. गावाच्या वाङ्मयाचे हे मोठेच भांडार होय.

१९७० च्या मार्च महिन्यात सिडकोची स्थापना झाली आणि नव्या नगरासाठी ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. गावठाणे राहिली, त्यांभोवतीची शेते व मिठागरे गेली. मोबदल्याच्या प्रश्नावर शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १९८४ च्या जानेवारीत १६ व १७ तारखांस उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारांत पाच जणांनी प्राण गमाविले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ धारकास परत देण्याचे धोरण या लढ्यातून आले. १९९२ साली नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली व त्याच वर्षी मानखुर्दहून खाडी ओलांडून रेल्वे वाशीस पोहोचली.

या बदलाने रस्ते, शाळा व रुग्णालये आली, हे मान्य केले पाहिजे. परंतु जमिनीचा मोबदला ठरविता येतो, तसा शब्दांचा ठरविता येत नाही. शेत गेल्यावर उघाडी, खांड, भांग हे शब्द वापरण्याचा प्रसंगच उरत नाही. आजोबांस जे सहज ठाऊक होते ते नातवास परके होते, आणि आपल्या घराखालची भूमी पूर्वजांनी समुद्रापासून मिळविली हेही त्यास कोणी सांगत नाही. उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील गावांसमोर आज नव्या नगररचनेचा हाच प्रश्न आहे. तेथील शिक्षकांस अद्याप अवकाश आहे.

याकरिता खर्चाची आवश्यकता नाही. शाळेत एक जाड वही ठेवावी. चौथी-पाचवीच्या विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांस विचारून शेताचे, बांधाचे, मासळीचे व वाऱ्याचे शब्द अर्थासह तीत लिहावेत. गावचा नकाशा काढून जुना बांध, उघाडी, मिठागर व गावदेवीचे स्थान दाखवावे. सांगणाऱ्याचे नाव व दिनांक यांची नोंद अवश्य करावी, कारण त्यावाचून माहितीस पुराव्याचे मोल येत नाही. आजीने धवला सांगितल्यास तो तिच्याच बोलीत उतरवावा. प्रमाण भाषेत सुधारू नये. प्रतिवर्षी नव्या वर्गाने त्या वहीत भर घालावी. पुढे बांध राहो वा न राहो, तो कोणी व कसा घातला याची नोंद गावच्या शाळेत राहील.